तुलनेसाठी थोडं रक्त

"हात सैल सोडा, आजी," नर्स म्हणाली.

म्हातारीने हात टेबलावर पसरला. खुर्चीत बसल्यावर तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते, आणि ती ते शाळकरी मुलीसारखे हलवत होती. तिच्या शंभरीला थोडीच वर्षं उरली होती. तरी दार तिनेच उघडलं होतं, आणि नमुन्यांची थंड पेटीही नर्सच्या हातातून घ्यायला निघाली होती.

खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत म्हातारा बसला होता. ताडमाड माणूस; बसूनही तिच्या डोक्यावरून पलीकडचं बघू शकेल असा. पण पायाला बँडेज, मांडीवर शाल, आणि चेहऱ्याचा रंग पार उडालेला.

"अगं, हलू नकोस," तो म्हणाला. "सुई आहे."

"सुईचं मला नको सांगायला. रोज सकाळी त्या दंडात इन्सुलिन कोण टोचतं?"

म्हातारा हसला आणि त्याला धाप लागली.

नर्स संशोधन केंद्रातून आली होती. तिथे दीर्घायुषी घराण्यांचा अभ्यास चालू होता, आणि म्हातारीच्या माहेरचं त्यात फार कौतुक होतं. तिच्या बहिणी नव्वदीच्या पुढच्या, सगळ्या टुणटुणीत आणि सगळ्या एवढ्याएवढ्याशा. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं डॉक्टर त्यांच्याबद्दल म्हणत.

"नेमकं काय सापडलंय आमच्यात?" म्हातारीने विचारलं.

"शरीरात वाढीचं एक हार्मोन असतं. ते सारखं 'वाढा, वाढा' म्हणून सांगत असतं. तुमच्या घराण्यातल्या काहींच्या शरीराला ते जन्मापासून कमीच ऐकू येतं. म्हणून उंची वाढत नाही. पण डॉक्टरांना वाटतं, शरीर सावकाश झिजतं तेही त्यामुळेच. तुम्हा बहिणींत बघा, मधुमेह नाही की कॅन्सर नाही."

"म्हणजे बहिरेपणाचा फायदा," म्हातारा म्हणाला.

म्हातारीला हसू आलं नाही. "लहानपणी सगळी गल्ली मला बुटकी म्हणायची. तेव्हाच ठरवलं, लग्न करीन तर उंच माणसाशी. रूप नको, पगार नको, उंची हवी. लग्नाच्या फोटोत मला स्टुलावर उभं करावं लागलं होतं."

नर्सने खिडकीकडे बघून हसत मान हलवली. "निवड चांगली केलीत."

"उंचीपुरती."

नळी भरली. नर्सने कापूस लावला आणि म्हाताऱ्याकडे वळली. "आजोबा, तुमचंही थोडं घेऊ? तुलनेसाठी लागतं."

"घ्या की. शिल्लक असेल तेवढं घ्या."

त्याचं रक्त मिळायला वेळ लागला. मग नर्स हात धुवायला आत गेली, तर म्हातारी ओट्यापाशी उभी होती. सरबतासाठी कापलेलं लिंबू तसंच पडलं होतं.

"एक विचारू?" तिने आवाज खाली आणला. "माझं रक्त चढवलं तर काही फरक पडेल का तिकडे?"

"नाही हो, आजी. हे जन्माच्या वेळीच मिळतं. नंतर देता येत नाही."

"डॉक्टरांनी हात टेकलेत. यंदाचं वर्ष निघालं तर नशीब, म्हणाले." तिने लिंबू हातात घेतलं, परत ठेवलं. "आणि मी? मी किती काढीन?"

चांगली बातमी द्यायला मिळतेय म्हणून नर्सला बरं वाटलं. "तुम्ही? तुम्ही शंभरी सहज ओलांडाल."

म्हातारीने ओट्याचा आधार घेतला.

"मला आधी जायचंय हो," ती म्हणाली. "दुसरं काही मागणं नाही."

नर्सला गलबलून आलं. इतक्या वर्षांचा संसार. मागे एकटं राहणं कुणाला सोसेल? तिने म्हातारीच्या पाठीवरून हात फिरवला.

बाहेर म्हाताऱ्याचा डोळा लागला होता. नर्सने टेबलाशी बसून नळ्यांवर चिठ्ठ्या लावल्या. अभ्यासाची पद्धत ठरलेली होती: लग्नाने घरात आलेल्या माणसाचं रक्त शेजारी ठेवून बघायचं, म्हणजे घराण्याचं वेगळेपण उठून दिसतं. म्हाताऱ्याच्या नळीवर तिने लिहिलं, 'जोडीदार'.

म्हातारी सरबत घेऊन आली. तिने वाकून ते वाचलं. ग्लास खाली ठेवला, म्हाताऱ्याच्या मांडीवरून घसरलेली शाल नीट केली.

"ते खोडा, बाई," ती हळूच म्हणाली, त्याची झोप मोडू नये म्हणून. "नवरा कधीच गेला माझा. हा माझा धाकटा मुलगा. थोरले दोघंही असेच उंच होते."