खिंडीतली हाक

सुचितानं सायकलवरून पाय न टेकता खिंड गाठली तेव्हा बोनकोड्याची अर्धी आळी भर रस्त्यात नाचली. तिच्या बापानं, शिवाशेठनं, तर ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. "चल गो बाय! आता कोन थांबवतंय तुला!"

त्यानंतरच्या तिघींनी शेवटच्या वळणावर पाय टेकले. आता एकच मुलगी उरली होती आणि एकच जागा.

सायकल शिकवणाऱ्या सुधीर सरांचा नियम साधा होता. बेलापूरच्या मागची ही खाणीची चढण खालच्या टपरीपासून खिंडीपर्यंत चढायची, पाय न टेकता. इटलीतल्या कुठल्याशा डोंगराळ गावच्या सायकल क्लबनं दोन पोरींना उन्हाळ्यात महिनाभर बोलावलं होतं. तिकडं म्हणे अशा खिंडी एकीमागून एक चढायच्या, आणि सायकल जाईना तिथं ती खांद्यावर घेऊन चालायचं. जिला ही एक खिंड जमत नाही तिनं तिकडं जाऊन काय हवा खायची?

हौसेराव शेवटच्या वळणावर उभा होता. सव्वीस वर्षं बाजारात कांदा-बटाट्याची पोती पाठीवर वाहिलेला सातारचा गडी, उरलेल्या त्या मुलीचा बाप. काल संध्याकाळी लेकीनं त्याच्याकडून वचन घेतलं होतं.

"आबा, सगळ्यांच्या घरचे ओरडतात. तुमी पण माझं नाव घेऊन ओरडायचं. जोरात हां! तुमचा आवाज आला ना, की मी पाय टेकणारच नाही."

"व्हय की! त्यात काय!" हा मोठ्या तोऱ्यात बोलून बसला होता.

आणि खालच्या वळणावर उत्कर्षा दिसली. सीटवरून उठून पेडल मारत होती. मान खाली, खांदे कानाला भिडलेले, तोंड उघडं. ती मान हौसेरावनं हजारदा पाहिली होती, नव्वद किलोच्या पोत्याखाली. त्यानं हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

बाजाराची रीत आहे. पाठीवर पोतं असलेल्या माणसाला नावानं हाक मारायची नाही. नाव ऐकलं की माणूस वळतोच. ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या गंगारामला एकदा हौसेरावनंच हाक मारली होती, "गंगाराम, चहा आला रं!" म्हणून. गंगाराम वळला आणि पोत्यासकट खाली आला. तो आता बाजाराच्या फाटकाशी बसून तंबाखू विकतो, आणि हौसेराव दिसला की तोच आधी हसतो. ते हसणं हौसेरावला आजवर सोसलेलं नाही.

"आवं, हाक मारा की!" राजाबाईनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "तोंडात मिठाची गुळणी धरलीया का?"

"काका, मारा हाक!" सुधीर सरही ओरडले. "ती तुम्हाला शोधतेय!"

खरंच शोधत होती. तिनं मान वर करून कडेची माणसं पाहिली आणि सायकल डुगडुगली. हौसेरावनं वर खिंडीकडं पाहिलं. नाचून दमलेली आळी रस्ताभर पसरून गप्पा हाणत होती, मधोमध शिवाशेठची जीप, आणि कडेला डंपरमधून सांडलेली खडी. पोरीला चाक टाकायला वाट नव्हती.

हौसेरावनं खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि तो पळत सुटला. लेकीकडं नाही, तिच्या पुढं.

"बाजूऽऽ! बाजूऽऽ! वझं आलंय, वाट सोडाऽऽ!"

सव्वीस वर्षांचा कमावलेला आवाज तो! माणसं दचकून कडेला झाली. "म्हाताऱ्याला काय झालं रं?" कोणीतरी हसलं. पण शिवाशेठला कळलं. "हसता काय? सरा बाजूला!" म्हणत त्यानं चौघांसह स्वतः जीपला खांदा लावला आणि ती कडेला ढकलली. हौसेराव चपलेनं खडी उडवत, टॉवेल फिरवत, धापा टाकत चढत होता. "बाजूऽऽ! भरल्या पाठीला वाट द्याऽऽ!" मागं साखळी करकरत होती, पोरीचा श्वास ऐकू येत होता. त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही.

मग चाक त्याच्या अंगाला घासून पुढं खिंडीत शिरलं, पाय न टेकता, आणि सरांची शिट्टी वाजली.

उत्कर्षाला उतरताही येईना. पोतं पाठीवरून उतरवायलासुद्धा दुसरा माणूस लागतो. हौसेरावनं एका हातानं हँडल धरलं, दुसऱ्या हातानं सीट, आणि म्हणाला, "उतर आता." मागून राजाबाई रडत, पदर सावरत, नवऱ्याला शिव्या घालत येत होती.

सगळे टाळ्या पिटत होते, पण पोरीचे डोळे भरलेले. "आबा, माझं नाव घ्यायचं ठरलं होतं आपलं. तुमी सगळ्यांवर ओरडलात, फक्त मला हाक नाही मारली."

हौसेरावला गंगारामचं सांगावंसं वाटलं, पण ते आज नको. त्यानं सायकल खाली टेकवली आणि लेकीकडं नीट पाहिलं. मान सरळ होती, खांदे खाली आले होते, हात मोकळे.

मग त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि हातभर अंतरावर उभ्या असलेल्या पोरीला, खिंड दणाणेल अशी हाक मारली.

"उत्कर्षाऽऽऽ!"

खाली खाणीत दगड फोडणाऱ्या बायांनी हात थांबवून वर पाहिलं.

तिनं बाहीला डोळे पुसले. "ओ, आबा," ती म्हणाली.