बारा नंबरची जागा

"बारा नंबर घेऊ नका," तंबूंच्या तळाचा मालक म्हणाला. "चौथाई दर काही उगाच नाही लावलेला. चारला वारा सुटतो. तिथे आजवर एकही तंबू सहापर्यंत टिकलेला नाही."

सुनेने सासूकडे पाहिलं. सासू बारा नंबरकडे पाहत होती. तळ्याच्या अगदी टोकाशी नुसती वाळू. ना झाड, ना आडोसा. बाकीच्या जागा झाडीत, मऊ हिरवळीवर, आणि त्यांचे दर ऐकूनच घाम फुटावा असे.

"बारा नंबरच द्या," सासू म्हणाली.

"उडाला तर पैसे परत मिळायचे नाहीत, मावशी."

"उडाला तर मागणारही नाही."

दोघी डिस्क गोल्फ खेळायला निघाल्या होत्या. ताटलीएवढी प्लास्टिकची डिस्क फेकायची आणि कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या टोपलीत घालायची, एवढाच खेळ. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर सासू तो सुनेकडून शिकली आणि वर्षभरात सुनेलाच धूळ चारायला लागली. या दौऱ्यातल्या पाच मैदानांपैकी तीन झाली होती. सासूचा सगळा जीव अडकला होता तो पाचव्यात, डोंगरावरच्या मैदानात. पण पहिले मुक्काम खिशाला चांगलेच झोंबले होते. आज स्वस्तात भागलं नाही, तर उद्या गाडी घराकडे वळवायची, असं सकाळीच ठरलं होतं. ठरवताना दोघी हसल्या होत्या, उगाचच.

तंबूची पहिली खुंटी सुनेने ठोकली आणि दोन बोटांनी अलगद उपटून दाखवली. वाळूत पकड म्हणून नव्हतीच.

"आई, झालं आपलं. फिरू या मागे." तिला स्वतःपेक्षा सासूचंच जास्त वाईट वाटत होतं.

सासू मात्र वाळूत फतकल मारून बसली होती. "परवा तुझी डिस्क अशाच वाळूत रुतली होती ना गं?"

"हो. ओढता ओढता पाठ धरली माझी."

"मग?"

सुनेने हातातली खुंटी टाकली. मग धावत जाऊन तिने डिस्कची पिशवी आणली.

सासूने तीस वर्षं पार्सलं बांधली होती. तिने प्रत्येक डिस्कला दोरी एकदा उभी, एकदा आडवी आवळली आणि वर गाठ मारली. सुनेने हातभर खोल खड्डे खणले. डिस्क तळाशी आडवी झोपवायची, वर वाळू लोटायची आणि पायांनी तुडवायची. तंबूला दोऱ्या आठ. जुन्या, ओरखडे पडलेल्या सात डिस्क संपल्या आणि पिशवीत उरली ती सासूची लाडकी जांभळी.

"ती नको, आई. वाकली तर डोंगरावर काय फेकाल?"

"आणि डोंगरावर पोचलेच नाही, तर हिची काय पूजा करू? आण इकडे."

चारच्या ठोक्याला वारा आला. हिरवळीवरची माणसं खुर्च्या वळवून बसली. फुकटचा तमाशा कोण सोडतो? मालक कमरेवर हात ठेवून सगळ्यांच्या पुढे. तंबू फुगला, चेपला, परत फुगला. दोऱ्या ताणून घूं घूं वाजायला लागल्या. एका दोरीजवळची वाळू भेगाळली, तशी सून तिच्यावर बसायला धावली.

"बसू नकोस," सासू ओरडली. "आज बसशील, उद्या काय करशील? बघू दे टिकतोय का."

सून थांबली. भेग आणखी बोटभर रुंदावली आणि तिथेच राहिली. तेवढ्यात तीन नंबरवाल्यांचं ऐटबाज छत खुंट्यांसकट उठलं आणि मालकाच्या डोक्यावरून तळ्यात जाऊन पडलं. बारा नंबर जागचा हलला नाही.

सहाला वारा पडला. मालक आला. त्याने एक दोरी आधी एका हाताने ओढली, मग दोन्ही हातांनी, मग पाय रोवून. तो लाल झाला, दोरी आली नाही.

"खाली पुरलंय तरी काय?"

"आमची खेळणी," सून म्हणाली आणि तिने सासूला कडकडून मिठी मारली. दोघी वाळूत आडव्या झाल्या आणि पोट दुखेपर्यंत हसल्या. या वेळचं हसू खरं होतं.

मग सासू उठली. अंगावरची वाळू झटकून तिने चष्मा लावला, सुनेचा फोन मागून घेतला आणि पुढच्या मुक्कामाचा नंबर फिरवला.

"हॅलो? उद्याच्याला तंबूसाठी जागा हवी होती. डोंगराच्या वाटेवरचा तळ तुमचाच ना?... नाही, नाही, चांगली नको. तुमच्याकडे कुणीच घेत नाही अशी कुठली आहे?"