बाबांचं पातेलं

आई जुनी काचेची भांडी जमवायची, बाबा लढायांतली शिरस्त्राणं. आई त्यांना ‘तुमची पातेली’ म्हणायची. घर बदलताना बाबांनी बांधलेलं खोकं हमालाच्या हातून निसटलं आणि जिन्यावरून गडगडत गेलं. ‘अगं बाई, त्यात माझा निळा प्याला!’ आई खोक्यामागे धावली. उजेडात धरला की ओंजळीत तळं हलावं, असा तो प्याला. बाबांनी दोरी सोडली. आतून निघालं त्यांचं लाडकं पितळी शिरस्त्राण. त्याला बोट लावलं तरी बाबा खेकसायचे. आता हा एवढा पोचा! पण पोटात, त्यांच्याच मफलरमध्ये, पाळण्यातल्या बाळासारखा प्याला शाबूत होता. ‘अहो, पातेलं चेपलं की तुमचं!’ आई हळहळली. ‘चेपू दे. नाजूक जीव सांभाळायलाच घडवलंय ते,’ बाबा प्याला पुसत म्हणाले. नव्या घरात आईने सगळ्यांत आधी शिरस्त्राण मांडलं, पोचा दर्शनी बाजूला ठेवून.