अण्णांच्या कानाचं मशीन

सोलापुरात यंत्रमागावर काम करून रामहरीअण्णांचे कान गेले होते. दुकानातून आणलेलं मशीन 'नुस्ती खरखर येती' म्हणून ते काढूनच ठेवायचे. शेवटी इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या त्यांच्या लेकीने, चैतालीने, स्वतःच मशीन बनवायला घेतलं. कॉलेजच्या लॅबमध्ये तिने सर्किटमध्ये घालायच्या वेगवेगळ्या रेझिस्टरचा नॉइज, म्हणजे त्यांची स्वतःची खरखर, मोजला. कार्बनचे फार खरखरत होते, मेटल फिल्मचे जवळजवळ गप्प होते. तिने तेच वापरले.

रविवारी अण्णांच्या कानात इअरफोन बसवून ती समोर बसली.

"अण्णा, आता येती का खरखर?"

तिच्या ओठांकडे बघत ते हसले. "न्हाय की! तुझा आवाज कसा स्वच्छ येतोय बघ. लई भारी केलंस पोरी."

चैतालीने आनंदाने हातातल्या मशीनकडे पाहिलं. बटण अजून बंदच होतं.

तिने ते चालू केलं, आवाज पूर्ण वाढवला आणि त्यांच्या पाठीमागे जाऊन हाक मारली, "अण्णा!"


अण्णा वळलेच नाहीत. दारात आलेल्या शेजाऱ्याला ते कौतुकाने सांगत होते, "लेकीनं केलंय. जरा बी खरखर न्हाय."