ओडिलचे बारा गुण

"त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं?" युगेतने दंडाच्या कागदावरचा प्रश्न मोठ्याने वाचला. "लिहा भावजी, ओडिल."

अन्सेल्मने पेन उचललं नाही. त्याची बायको ओडिल वारली त्याला सात आठवडे झाले होते. वेग पकडणाऱ्या कॅमेऱ्याने त्यांची गाडी टिपली ती त्याआधी, दोघं इस्पितळातून घरी येताना.

फ्रान्समध्ये लायसन्सवर प्रत्येकाला बारा गुण असतात. चूक झाली की गुण कापतात. शून्य झालं की लायसन्स टपालाने परत पाठवायचं. अन्सेल्मपाशी एकच उरला होता. ओव्हेर्नच्या डोंगरातल्या नऊ वाड्यांवर तो गाडीने पाव पोचवायचा. लायसन्स गेलं तर कामही गेलं. ओडिलचे मात्र बाराच्या बारा शाबूत होते. एकतीस वर्षांत एकही गेला नव्हता. नाताळच्या जेवणाला ती हे सगळ्यांना ऐकवायची आणि मग मान ताठ करून चीज वाढायची.

"माझ्या बहिणीला आता ते कशाला हवेत?" युगेत म्हणाली. "वर काय कॅमेरे लावलेत? अहो, ती म्हातारी लेओंतीन बघा. चष्म्याशिवाय स्वतःचं दार सापडत नाही तिला. पण कागदोपत्री नातवाची मोटरसायकल तीच उडवते!"

अन्सेल्मला हसू आलं. मग तो खिडकीबाहेर बघत राहिला. तो प्रवास त्याला स्वप्नासारखा आठवत होता. पांढरं धुकं. गाडीतली ऊब. कुणीतरी हळू आवाजात गात होतं, आणि रस्ता संपूच नये असं वाटत होतं.

"मीच चालवत होतो," तो म्हणाला. त्याने स्वतःचं नाव लिहिलं आणि खाली सही केली.

"बसा आता! तुमच्या खरेपणाने पाव पोचणार आहेत का वाड्यांवर?" युगेतने कोट उचलला आणि दार आपटून निघून गेली.

अन्सेल्मने पाकीट चिकटवलं. मग खण उघडून कॅमेऱ्याने टिपलेला फोटो बाहेर काढला. तो त्याने दंडाच्या कार्यालयाला पत्र लिहून मागवून घेतला होता. कुणालाच दाखवला नव्हता.

स्टिअरिंगवर ओडिल होती. गाता गाता तिचं तोंड उघडं राहिलं होतं. शेजारच्या सीटवरचा माणूस कार्यालयाने नियमाप्रमाणे काळ्या चौकोनाने झाकला होता. त्या चौकोनात अन्सेल्म गाढ झोपला होता.