आवाज बंद करून

“हा नको. हाही नको. हा तर अजिबातच नको.”

बाप मोबाइलवर बोट सरकवत होता आणि प्रत्येक ‘नको’सरशी समोर उभ्या ठकीचं तोंड एवढं एवढं होत होतं. ठकी आठ वर्षांची. मोबाइलवरचे गेम खेळणारे भलतेच, आणि ही त्यांच्या खेळाचे व्हिडिओ बघत बसणार. आज रविवार, आज सोक्षमोक्ष लावायचाच असं बापाने ठरवलं होतं. एकच खेळाडू राहील, बाकी सगळ्यांना रजा. राहिला होता तो घरं बांधणारा. रंगीत विटा, बागा, कारंजी. गेला होता तो राक्षसांशी लढणारा, ठकीचा सगळ्यात लाडका.

“त्याच्यात तलवारी आहेत,” बाप म्हणाला. “आग आहे. आठवडाभर ऑफिसात डोळ्यांत तेल घालून बघितलंय मी.”

“ऑफिसात?” आजी खुर्चीतून म्हणाली. तिचा एक डोळा ऑपरेशनच्या पट्टीखाली होता आणि दुसऱ्याने केव्हाच अंग काढून घेतलं होतं. “साहेबाला ऐकू नाही गेलं?”

“आवाज बंद करून बघायचो.”

“डोळ्यांत तेल. आणि कानांत काय, बोळे?”

आत सुनेच्या हातून एक पातेलं जरा जोरातच आपटलं. तिला हसू लपवायचं होतं.

“आई, तुला यातलं काही कळत नाही.”

“नाहीच कळत. सध्या दिसतही नाही. ठके, लाव बघू तुझ्या बाबाचा तो गुणी गवंडी.”

ठकीने मोबाइल शिलाई मशीनला टेकवून ठेवला. शिंपीकाम करणारे आजोबा गेल्यापासून मशीनवर झाकण होतं. पण ते तिथून हलवायचं नाव कुणी काढायचं नाही, असा आजीचा दम होता.

गवंड्याने भिंती उभ्या केल्या, खिडक्या बसवल्या. मग एक भिंत ढासळली. “अरे गाढवा,” तो जोडीदारावर खेकसला, “आईबापाने काही शिकवलंय की नाही तुला? बिनकामाचा! बघा, बघा, रडतोय बघा कसा!” आणि खो खो हसत सुटला.

बापाने झटकन हात पुढे केला.

“असू दे की,” आजी म्हणाली. “कारंजी छान आहेत म्हणत होतास ना? हं, ठके, आता तुझा लाव.”

तलवारी खणखणल्या. राक्षस असा गुरगुरला की सून हात पुसत दारात आली. “आई, हे जरा भयंकरच आहे हो.”

“थांब गं. हरू दे त्याला. हरल्याशिवाय माणूस कळत नाही.”

धप्प आवाज झाला. ठकीचा खेळाडू हरला. मग एक दमलेला, हसरा आवाज आला.

“माझंच चुकलं. घाई नडली. चला, पहिल्यापासून.”

आजीचा हात चाचपडत मशीनच्या झाकणावर गेला.

बापाने त्या झाकणाकडे बघितलं. याच मशीनशेजारी, चिंध्यांच्या ढिगात बसून लहानपणी त्याने वडलांच्या तोंडून हे शब्द किती वेळा ऐकले होते. बाही उलटी लागली की. शिवण वाकडी गेली की. टाके उसवतानाचा तो बारीक टरटर आवाज, आणि वरून, गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी, “माझंच चुकलं. घाई नडली.”

“तलवारी आहेत त्यात, आई,” तो म्हणाला. आता आवाजात जोर नव्हता.

“तुझ्या वडलांकडे कात्र्या होत्या. सुया होत्या. तापलेली इस्त्री होती. रांगायला लागल्यापासून तुला त्यांच्याच पायाशी सोडत आले मी.”

ठकी एकदा बापाकडे, एकदा आजीकडे बघत होती. “बाबा, बंद करू?”

बाप मशीनशेजारी जमिनीवर बसायला गेला. पूर्वी तिथे तो आरामात मावायचा. आता गुडघा पायडलला लागला आणि झाकणाखाली ते जुनं चाक करकरत अर्धा फेरा फिरलं.

“आवाज वाढव,” तो म्हणाला.