बरोबरीत सुटलेल्या कुप्या

दोन्ही कुप्यांमधला जांभळा रंग एकदमच उडाला, आणि त्यांच्याबरोबर तिच्याही चेहऱ्याचा.

खरं तर रंग उडणं ही आनंदाची गोष्ट. कांद्याच्या सालींमधून काढलेला फ्लॅव्होनॉइड या वनस्पतिद्रव्याचा अर्क घातला की ते जांभळं द्रावण फिकं पडतं. जितकं झटपट फिकं पडेल, तितका अर्क पेशींची झीज रोखण्यात तरबेज. तिचं म्हणणं असं, की याच अर्काला तांब्याची जोड दिली तर तो कितीतरी जोमानं कामाला लागतो. म्हणून एका कुपीत नुसता अर्क आणि दुसरीत अर्क अधिक तांबं. आणि दोघींनी खांद्याला खांदा लावून शर्यत पुरी केली होती.

"मग तुझ्या तांब्यानं काय दिवे लावले?" तिच्या पीएचडीच्या मार्गदर्शक बाईंनी चष्म्यावरून विचारलं. बाई प्रेमळ होत्या, पण कामात पक्क्या. "उद्या परत करून बघ. परत असंच झालं, तर हे कर्करोगाच्या पेशींवर तपासायला मी पाठवणार नाही. सरळ विषय बदलू."

विषय बदलायचा म्हणजे पाटी पुसून पुन्हा पहिल्यापासून. लग्न झाल्यापासूनच्या सगळ्या सुट्ट्या तिनं या सालींच्या नावानं ओवाळून टाकल्या होत्या. नवराही बिचारा यात ओढला गेला होता. प्रयोगशाळेतल्या शेगडीसाठी कायम रांग, म्हणून साली घरीच उकळायच्या, आणि ते खातं त्याच्याकडे. सूचना एकच होती: स्टीलचं पातेलं.

ती घरी आली तेव्हा तो ओट्यापाशी शीळ घालत होता. तिचा चेहरा बघून शीळ थांबली. सांगायला म्हणून तिनं तोंड उघडलं आणि तिची नजर फळीवर गेली. लग्नात आलेलं तांब्याचं पातेलं, एरवी आतून काळंकुट्ट, आज लखलखत होतं.

"हे कधी घासलंस?"

"घासतोय कुठला! कालच्या साली त्यात उकळल्या. स्टीलच्यात दूध होतं ना. आयतंच चकचकीत झालं बघ."

"आणि तो तांब्याचा काळा थर कुठे गेला?"

"गेला असेल पाण्यात..." म्हणता म्हणता त्याचा आवाज बारीक झाला. "चुकलं का गं माझं?"

ती मटकन खाली बसली आणि पातेलं पोटाशी धरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सुटली. ही हसते आहे की रडते आहे याचा अंदाज घेत तो तसाच उभा राहिला. मग तिनं स्टीलचं पातेलं त्याच्यापुढे सरकवलं.

"आधी हे सगळं दूध संपव. मला भांडं रिकामं हवंय."

दुसऱ्या दिवशी नुसत्या अर्काची कुपी बराच वेळ हट्टानं जांभळीच राहिली. शेजारची बघता बघता फिकी झाली. बाईंनी चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं.

"दे पाठवून पेशींवर तपासायला," त्या म्हणाल्या. "पण काय गं, मग काल दोघी बरोबरीत कशा सुटल्या?"

"सुटणारच, बाई. काल दोन्हीकडून तांबंच खेळत होतं."